बारा डॉलरच्या हॉट सॉसमध्ये नेमकं काय असतं?

आई साताऱ्याहून माझ्याकडे अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. शनिवारी सकाळी आम्ही दोघी इथल्या शेतकरी बाजारात गेलो. एका टेबलावर तळहातात मावतील एवढ्या बाटल्या मांडलेल्या होत्या. आत लालभडक सॉस, वर साधं कागदी लेबल आणि किंमत १२ डॉलर. आईने मनातल्या मनात हिशेब केला आणि माझ्या कोपराला धरून बाजूला ओढलं. "अगं, हजार रुपयांचा ठेचा? आणि ते 'इंडिजिनस' काय लिहिलंय?"

मी बाटली घेतली, पण तिच्या प्रश्नाला तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही. हाच प्रश्न आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही अधूनमधून निघतो. २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या दुष्काळाने मिरचीचं पीक गेलं आणि अमेरिकेतला प्रसिद्ध श्रीराचा सॉस दुकानांतून गायब झाला. त्यानंतर बऱ्याच जणांची नजर अशा छोट्या बाटल्यांकडे वळली. 'स्मॉल बॅच', 'नेटिव्ह', 'ट्रॅडिशनल' असे शब्द वाचले की वाटतं, एवढे पैसे कशाचे? खरंच काही वेगळं आहे, की नुसतं लेबल? माझं उत्तर असं की बरंच काही वेगळं आहे, पण प्रत्येक बाटलीत नाही. ते ओळखता यावं म्हणून हा लेख.

हॉट सॉस म्हणजे ओतता येणारा ठेचा

हॉट सॉसचा पाया तीन गोष्टींचा: मिरची, मीठ आणि आंबटपणा. आपला ठेचा खरबरीत असतो, तो आपण तव्यावर परततो, खलबत्त्यात कुटतो आणि दोन-चार दिवसांत संपवतो. हॉट सॉस पातळ असतो आणि महिनोन् महिने टिकावा म्हणून केलेला असतो. हा टिकाऊपणा दोन वाटांनी येतो. एक तर मिरचीत सरळ व्हिनेगर घालायचं. नाही तर मिरची मिठात घालून आंबू द्यायची, म्हणजे इडलीच्या पिठात होतं तसं सूक्ष्म जीव स्वतःच आंबटपणा तयार करतात. काही जण दोन्ही करतात. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला १८६८ पासूनचा टबॅस्को सॉस तसाच: मिरचीचा लगदा मीठ घालून ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात आणि मग त्यात व्हिनेगर मिसळतात. ताबास्को हे मुळात मेक्सिकोतल्या एका राज्याचं नाव आहे. नाव तिथलं, मिरचीही त्या बाजूची, कारखाना मात्र दुसऱ्याचा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मिरचीचं माहेर

आपल्याला मिरची इतकी आपली वाटते की ती बाहेरून आली हे पटायला वेळ लागतो. आपल्याकडे तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती. मिरची पोर्तुगिजांबरोबर अटलांटिक ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याला लागली ती सोळाव्या शतकात. तिचं नावसुद्धा आपण मिरीवरून पाडलं. तिकडे कोलंबसही मिरीच्याच शोधात निघाला होता आणि त्यानेही या फळाला मिरीच्याच पंक्तीत बसवलं. इंग्रजीत मिरी आणि मिरची दोघींना आजही 'पेपर' म्हणतात ते त्यामुळे.

आपण रोज खातो ती मिरची माणसाने पहिल्यांदा मेक्सिकोत लागवडीखाली आणली. तिच्या रानटी रूपाला म्हणतात चिल्तेपीन. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून आलेलं हे नाव, अर्थ साधारण 'पिसवेएवढी मिरची'. वाटाण्याहून लहान, गोल, पिकल्यावर शेंदरी-लाल. अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकाला आणि उत्तर मेक्सिकोत ती अजूनही डोंगरउतारांवर आपली आपण उगवते. टूसॉनच्या दक्षिणेला, सीमेच्या अलीकडे तुमाकाकोरीचे डोंगर आहेत. तिथल्या एका दरीत ती वाढते, म्हणून अमेरिकी वनखात्याने १९९९ साली सुमारे २,५०० एकर जागा रानमिरचीसाठी राखून ठेवली. एका मिरचीसाठी एवढं जंगल राखावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

चिल्तेपीन उघड्या उन्हात तग धरत नाही. ती मेस्कीटच्या किंवा डेझर्ट हॅकबेरीच्या सावलीत वाढते. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. अशा सावली देणाऱ्या झाडाला इथे 'नर्स प्लँट' म्हणतात, आपण दाई-झाड म्हणू. ऊन, थंडी, गुरांची तोंडं या सगळ्यांपासून दाई-झाड रोपट्याला सांभाळतं. पण बी नेमकं त्याच झाडाखाली पडतं कसं? पक्ष्यांमुळे. हॅकबेरीची फळं खायला आलेले पक्षी तिच्या फांदीवर बसतात आणि आधी खाल्लेल्या मिरचीचं बी तिथेच विष्ठेतून खाली टाकतात.

आणि तिखटपणा कशासाठी? जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान या दोन संशोधकांनी दक्षिण ॲरिझोनात हे तपासलं आणि २००१ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात मांडलं. उंदरांच्या जातीचे प्राणी मिरचीचं बी चावून नासवतात, ते पुन्हा रुजत नाही. पक्ष्याच्या पोटातून मात्र बी जसंच्या तसं बाहेर पडतं. मिरचीतलं तिखट द्रव्य, त्याला कॅप्सेसिन म्हणतात, उंदराच्या तोंडाला आग लावतं आणि पक्ष्याला जाणवतही नाही. म्हणजे मिरचीने दारात राखणदार बसवला आहे, जो फक्त कामाच्या पाहुण्याला आत सोडतो. माणसाच्या जिभेवर कॅप्सेसिन ज्या पेशींना छेडतं, त्या खरं तर उष्णता ओळखण्यासाठी असतात, साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की इशारा देणाऱ्या. म्हणून तिखट लागणं ही चव नाही, तो भाजल्याचा खोटा निरोप आहे. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

तिखटपणा मोजायचं एकक 'स्कोव्हिल', १९१२ पासूनचं. हलापेन्यो मिरची २,५०० ते ८,००० स्कोव्हिलमध्ये असते. चिल्तेपीन ५० हजार ते १ लाखापर्यंत जाते. आकडा बाजूला ठेवा आणि एक वाळकी चिल्तेपीन दाताखाली फोडून बघा. आधी काहीच होत नाही, मग धुरकट, मातकट वास नाकात चढतो आणि एकदम भडका. डोळ्यांत पाणी येतं, पण तुम्ही पाण्याचा पेला शोधेपर्यंत ओसरायलाही लागतं. सीमेपलीकडच्या, मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातली माणसं या तिखटाला 'आर्रेबातादो' म्हणतात, म्हणजे झटक्यात येणारं आणि तसंच निघून जाणारं. आईला मी एक दिली होती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "लवंगीसारखी रेंगाळत नाही गं ही."

'इंडिजिनस' म्हणजे इथे कोण?

इंडिजिनस म्हणजे मूळनिवासी, युरोपीय येण्याआधीपासून या भूमीवर राहणारे समाज. ते एक नाहीत, अमेरिकेत त्यांची शेकडो राष्ट्रं आहेत, प्रत्येकाची भाषा, जेवण, देवधर्म वेगळा. टूसॉनच्या आसपासची भूमी तोहोनो ओ'ओडम लोकांची. नावाचा अर्थ वाळवंटातली माणसं. बाहेरच्यांनी त्यांना 'पापागो' हे नाव चिकटवलं होतं, ते त्यांनी १९८६ मध्ये अधिकृतपणे टाकून दिलं. १८५३-५४ च्या जमीनखरेदी करारात अमेरिका आणि मेक्सिकोची सीमा त्यांच्या मुलखाच्या मधून आखली गेली. त्यामुळे एकाच समाजाची काही माणसं रेषेच्या इकडे, काही तिकडे.

त्यांचं जेवण पावसावर बेतलेलं. उन्हाळी पावसात ओढ्याला लोंढा आला की त्याच्या मुखाशी शेतं पेरायची, त्यात टेपरी नावाचं कडधान्य घ्यायचं, जे एक-दोन पावसांवर येतं. दुष्काळी माणदेशात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. जोडीला मेस्कीटच्या शेंगांचं पीठ, चोया निवडुंगाच्या कळ्या, उंच सग्वारो निवडुंगाची फळं आणि तोंडी लावायला चिल्तेपीन. तिला ओ'ओडम भाषेत 'आअल कोकोल' म्हणतात, म्हणजे मिरचीची पिल्लं.

विसाव्या शतकात हे मोडत गेलं. पाणी दुसरीकडे वळवलं गेलं, माणसं मजुरीला बाहेर पडली आणि सरकारी शिध्यातून मैदा, साखर, चरबी घरात आली. आज या समाजांमधलं मधुमेहाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. जुनं जेवण परत आणायची धडपड सुरू झाली ती यातून. इथलं 'नेटिव्ह सीड्स/सर्च' हे बियाणं जपणारं केंद्र १९८३ साली उभं राहिलं. त्याच्या संस्थापकांनी ओ'ओडम लोकांना विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय? उत्तर मिळालं, आमचे आजी-आजोबा पेरायचे ते बियाणं. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान वाणांची बँक उभी केली. तिथली ओढ आणि इथली ओढ मला एकाच जातीची वाटते.

म्हणून या छोट्या बाटल्यांना मी नुसती चटणी म्हणत नाही. एखादं कुटुंब रानातली मिरची, सग्वारोचा पाक, मेस्कीटचा धूर वापरून सॉस करतं, तेव्हा ती फळं गोळा करायला कोणीतरी डोंगरात जातं. जाताना पोरांना बरोबर नेतं, झाड दाखवतं, नाव सांगतं. बाटली विकली गेली तर ती वाट पुढच्या वर्षीही तुडवली जाते.

'स्मॉल बॅच' हे फॅड आहे का?

'स्मॉल बॅच' म्हणजे थोडक्या प्रमाणात, एकेक घाणा काढून केलेलं. या शब्दाला अमेरिकेच्या अन्नकायद्यात व्याख्या नाही. कारखानाही तो छापू शकतो आणि कोणी अडवणार नाही. त्यामुळे नुसत्या शब्दावर भिस्त ठेवू नका.

खऱ्या बाबतीत मात्र हे प्रमाण माणूस ठरवत नाही, रान ठरवतं. चिल्तेपीनचा हंगाम शरद ऋतूतला. पाऊस चांगला झाला तर झाडं लगडतात, नाही झाला तर पक्ष्यांनाही पुरत नाही. सोनोरा नदीच्या खोऱ्यातली कुटुंबं डोंगरात जाऊन ती हाताने वेचतात. एक वाटी भरायला शेकडो फळं लागतात. घाई करणारे सरळ फांद्या मोडून आणतात, पण तसं केलं की झाड खचतं आणि पुढच्या वर्षीचं नुकसान होतं. हे समजणारी माणसं फळ खुडतात, फांदीला हात लावत नाहीत. लागवडीचे प्रयत्न झालेत, पण बी रुजायला हट्टी आणि रोपाला सावली लागते, त्यामुळे बराचसा माल अजून रानातूनच येतो.

सग्वारोच्या पाकाचंही तसंच. ऐन जूनमध्ये, चाळिशी ओलांडलेल्या उन्हात, सग्वारोच्याच वाळलेल्या खोडातल्या लाकडी फासळ्यांची लांब काठी करून उंचावरची फळं पाडायची. गर पाण्यात भिजवायचा, गाळायचा, आणि चुलीवर तासन् तास आटवायचा. मोठं पातेलं भरून रस घेतला तरी हाती पाक थोडकाच लागतो. ज्यांनी गुऱ्हाळावर काहिलीतला रस आटताना पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. मात्र गुऱ्हाळाला शेतातला ऊस असतो, इथे एकेक फळ काठीने पाडायचं असतं.

आता १२ डॉलरचा हिशेब वेगळा वाटतो की नाही? त्यातून बाटली, झाकण, भाड्याचं स्वयंपाकघर, बाजारातल्या टेबलाचं भाडं जातं. आणि आणखी एक खर्च, जो बाहेरून दिसत नाही.

आंबटपणा फक्त चवीपुरता नसतो

हा भाग घरी लोणची-चटण्या करणाऱ्यांनी जरूर वाचावा. आंबटपणा मोजायच्या मापाला पीएच म्हणतात. शुद्ध पाणी ७ वर, त्याखाली आंबट. एकेक आकडा खाली गेलं की आंबटपणा दहापट वाढतो. बाटलीबंद अन्नात लक्ष्मणरेषा आहे ४.६.

का? मातीत सगळीकडे आढळणारा एक जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. हवाबंद, ओलसर आणि कमी आंबट जागा मिळाली की ते जागे होतात आणि विष तयार करतात. माणसाला लुळं करणारं ते विष अगदी कणभरही घातक ठरतं आणि वासावरून, रंगावरून ओळखू येईलच असं नाही. पीएच ४.६ किंवा त्याहून खाली असेल तर हा जंतू वाढू शकत नाही. म्हणून अमेरिकेत व्हिनेगर घालून टिकवलेला सॉस बाहेर ठेवून विकायचा तर त्याची कृती मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागते, सरकारदरबारी नोंद करावी लागते आणि देखरेख करणाऱ्याला ठरावीक प्रशिक्षण घ्यावं लागतं. प्रत्येक घाण्याचं पीएच मोजून वहीत लिहावं लागतं. कारखान्याला हा खर्च लाख बाटल्यांवर पसरता येतो. दोनशे बाटल्या करणाऱ्या बाईला तो दोनशे बाटल्यांवरच पसरावा लागतो.

आता कोणी म्हणेल, आमच्या आजीने कधी पीएच मोजलं? नाही मोजलं, पण तिचं लोणचं मिठाने आणि कैरी-लिंबाच्या आंबटाने टिकायचं, आणि ठेचा ती महिनाभर बरणीत ठेवत नव्हती. अडचण येते ती आपण तिची कृती अर्धवट उचलतो तेव्हा. ओली लसूण तेलात बुडवून आठवडेच्या आठवडे ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे, कारण तेल हवा अडवतं पण आंबटपणा देत नाही. तेलातला लसणीचा ठेचा फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. हे मी कळकळीने सांगते.

'लसूण आणि व्हिनेगर तर युरोपचं, मग हे मूळनिवासी कसं?'

हा आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. सोनोराकडच्या घरगुती चिल्तेपीन सॉसमध्ये बहुतेकदा लसूण, व्हिनेगर, मीठ, तिथला रानटी ओरेगानो, कधी धणे असतात. लसूण आणि धणे समुद्रापलीकडून आलेले. काही मूळनिवासी स्वयंपाकी म्हणूनच उलटी वाट धरतात. मिनियापोलिसमधलं शॉन शर्मन यांचं 'ओवाम्नी' हे रेस्टॉरंट मैदा, दूध, उसाची साखर, गाय-डुक्कर-कोंबडीचं मांस असे वसाहतींबरोबर आलेले जिन्नस वापरत नाही. २०२२ मध्ये त्याला अमेरिकेतल्या सर्वोत्तम नव्या रेस्टॉरंटचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. आंबटपणासाठी या मातीतही काही कमी नाही, सुमाकची आंबट लाल फळं तर आमसुलाच्या तोडीची.

मला दोन्ही वाटा मान्य आहेत. आणि पहिली वाट खोटी म्हणण्याआधी आपण आपल्या ताटात बघावं. शेंगदाण्याचा ठेचा म्हणजे मिरची, शेंगदाणे, लसूण, मीठ. त्यातली मिरची मेक्सिकोची आणि शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. दोन्ही त्या खंडांतल्या मूळनिवासींनी हजारो वर्षं जोपासून हातात दिलेले. तरी भाकरीबरोबरचा ठेचा मराठी नाही असं कोण म्हणेल? पदार्थ कोणाचा हे जिन्नसांच्या जन्मदाखल्यावर ठरत नाही. तो कोणाच्या हाताने, कोणत्या जेवणात, कोणत्या सवयीने होतो यावर ठरतं. ओ'ओडम स्वयंपाकघरात लसूण आली म्हणून ते स्वयंपाकघर परकं होत नाही.

'मिरची तर आता जगाची. मग हक्क कसला मागता?'

मिरची खायचा हक्क कोणी अडवत नाही. प्रश्न नावाचा आणि पैशाचा आहे. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात पाइन रिज हा लकोटा या मूळनिवासी समाजाचा राखीव प्रदेश आहे, तिथल्या एका कंपनीने २००७ मध्ये 'टांका बार' बाजारात आणला. बायसनचं वाळवलेलं मांस आणि क्रॅनबेरी, लकोटांच्या 'वास्ना' या जुन्या शिदोरीवर बेतलेला. कल्पना चालली. काही वर्षांत दुसऱ्या एका कंपनीचे तशाच मांस-फळांचे बार आले, २०१६ मध्ये ती कंपनी जनरल मिल्ससारख्या बलाढ्य उद्योगाने विकत घेतली आणि दुकानांच्या फळ्यांवरची टांकाची जागा आक्रसत गेली. यात कायदा मोडला गेला असं नाही. पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान कोणाच्या नावावर नोंदलेलं नसतं, त्यामुळे ते उचलणं कायद्याला चोरी वाटत नाही.

आपण हे जवळून पाहिलंय. हळदीने जखम भरते हे घरोघरी माहीत असताना १९९५ मध्ये त्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्याकडे लिहिलेले ग्रंथ होते आणि पाठीशी एक मोठी सरकारी संस्था होती. ज्यांचं ज्ञान आजीच्या तोंडून नातीच्या कानात गेलं, त्यांनी कुठला कागद दाखवायचा?

भारतात भिवापुरी मिरचीला किंवा गोव्यातल्या काणकोणच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या भागाबाहेरच्या मालाला ते नाव लावता येत नाही. अमेरिकेत अशी वेगळी नोंदवही नाही, तिथे ट्रेडमार्कच्या कायद्यातून वाट काढावी लागते. मूळनिवासींच्या नावाने खोट्या हस्तकला विकण्याविरुद्ध १९९० चा कायदा आहे, पण तो कलावस्तूंपुरता, खाद्यपदार्थांना लागू नाही. 'इंटरट्रायबल ॲग्रिकल्चर कौन्सिल' ही संस्था मूळनिवासी उत्पादकांना एक शिक्का देते, तो बाटलीवर दिसला तर भरवसा ठेवायला हरकत नाही. मात्र शिक्का नाही म्हणजे माल खोटा असंही नाही, अनेक छोटी कुटुंबं त्या फंदात पडत नाहीत.

चिल्तेपीनच्या बाबतीत गुंता आणखी आहे, तो लपवून चालणार नाही. ती एकट्या ओ'ओडमांची नाही. याकी, रारामुरी हे दुसरे मूळनिवासी समाजही ती खातात, सोनोरातली मिश्र वंशाची गावंही तिच्यावर पोट भरतात. तुमच्या बाटलीतली मिरची बहुधा सीमेपलीकडच्या कोणा वेचणाऱ्याच्या हातची असेल. लेबलावर सॉस करणाऱ्याचं नाव असतं, वेचणाऱ्याचं क्वचितच. माझ्या मते दोघांचीही असायला हवीत.

बाटली उलटी करून बघा

काही वर्षांपूर्वी मी एका विमानतळावरच्या दुकानातून पिसांचं आणि बाणांचं चित्र असलेला सॉस भावाला भेट म्हणून घेतला. घरी येऊन मागचं लेबल वाचलं. मिरचीचं नाव नाही, समाजाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. जिन्नसांत पहिलं पाणी, मग व्हिनेगर, मग साखर. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे मिरची चौथी. मला फार वाईट वाटलं, कारण भाऊ तो कौतुकाने चार जणांना दाखवणार होता.

तेव्हापासून मी पुढचं चित्र बघत नाही. मागे बघते. 'नेटिव्ह' एवढंच लिहिलंय की 'तोहोनो ओ'ओडम', 'लकोटा' असं नेमकं नाव आहे? मिरचीची जात, वेचल्याची जागा लिहिली आहे का? आणि विकणारं माणूस समोर असेल तर सरळ विचारते, मिरची यंदा कुठून आली, पाऊस कसा झाला? ज्याने ती स्वतः हाताळली आहे तो या प्रश्नावर खुलतो.

त्या शनिवारी आईनेही शेवटी विचारलंच, मी मध्ये भाषांतर करत होते. टेबलामागच्या बाईंनी बाटल्या बाजूला सारल्या आणि मेस्कीटच्या लाकडाचं छोटं कुटणं पुढे केलं, चिल्तेपीन जेवताना ताटाशीच कुटायची असते ते दाखवायला. आईने ते हातात घेतलं, तळ बोटाने चाचपला, दोन मिरच्या टाकल्या आणि मनगट असं फिरवलं जसं ती आमच्या घरच्या खलबत्त्यात फिरवते. बाई हसल्या. त्यांचीही आई तसंच कुटायची, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी ते आईला मराठीत सांगितलं.

घरी आल्यावर आईने चिल्तेपीनमध्ये मूठभर भाजके शेंगदाणे घातले, लसूण घातली, मीठ घातलं. संध्याकाळी आम्ही भाकरी केली.